मदतछावणीतलं श्राद्ध

सासूबाईंनी भाताचा वाडगा हाताने बाजूला सारला, आणि असा सारला की क्रीडागृहात चटया टाकून बसलेल्या अख्ख्या चोंगाम गावाला तो सारल्याचं कळावं. मग शेजारी बसलेल्या, पोसंग गावाहून लग्न होऊन आलेल्या पोसंगवालीकडे वळून त्या लोण्यासारख्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तू वाढ गं बाई. तुझ्या हातचं खाईन मी."

भात तोच होता. मदतीच्या गाडीवर एकाच पातेल्यात शिजलेला, आणि तो शिजवणाऱ्या बायकांमध्ये त्यांची सून माल्येही पहाटेपासून उभी होती. पोसंगवाली चांगलीच कात्रीत सापडली. तिने माल्येकडे बघितलं, माल्येनेच वाडगा उचलून तिच्या हातात दिला, तिने तो म्हातारीपुढे धरला आणि म्हातारी निमूट जेवू लागली. माल्ये भाताच्या रांगेकडे परत गेली. रडायला निवांतपणा लागतो, आणि रांगेत अजून निम्मं गाव उभं होतं.

गाव म्हणजे तरी काय उरलं होतं... मदतीच्या पेट्यांमधून निघालेले राखाडी ट्रॅकसूट लहानथोर सगळ्यांच्या अंगावर चढलेले, त्यामुळे चोंगामचे म्हातारे-म्हाताऱ्या एखाद्या हरलेल्या खेळाडूंच्या संघासारखे दिसत होते. पेटीत एक कांबळं, एक टॉवेल, साबण, दात घासायचा ब्रश. ज्यांना दात नव्हते त्यांनाही ब्रश मिळाला होता आणि त्यांनी तो जपून ठेवला होता. बाहेर मैदानावर कपडे धुणारी गाडी दिवसभर घरघरत असे, आणि मदतीला आलेले शिपाईगडी लोकांच्या घरातून चिखलाने भरलेली कपाटं ओढून आणून रस्त्याच्या कडेला रचत असत. कुणाचं कपाट कुठलं हे ओळखण्याच्या पलीकडे गेलं होतं.

नदीचा बांध फुटून पाणी आलं त्या सकाळी माल्येने सासूला पाठीवर घेतलं होतं. घराबाहेर पडायला एकच फेरी मिळाली, आणि त्या फेरीत पाठीवर काय घ्यायचं हे तिला ठरवावं लागलं. म्हातारी ओरडत होती, "मला टाक खाली, दोक्सूला घे." दोक्सू म्हणजे माल्येचा नवरा. तो जाऊन पस्तीसहून अधिक वर्षं झाली होती, पण त्या घरात त्याच्याविषयी अजून वर्तमानकाळातच बोलत. भिंतीवर त्याचा फोटो होता, खालच्या फळीवर श्राद्धाची पितळी भांडी होती. माल्येने दोन्हींकडे पाठ फिरवली, छातीएवढ्या पाण्यातून वाट काढत ती शाळेच्या चढाला लागली आणि सासूला तिने कोरड्या जमिनीवर उतरवलं. मागे घर गेलं, भांडी गेली, फोटो गेला. उतरवल्या क्षणापासून सासूबाई तिच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

गावाने त्याचा अर्थ लगेच लावला, आणि माल्येनेही तोच लावला. एकदा गेलेल्या मुलाला सुनेने आता पाण्यात बुडवलं.

तसं बघितलं तर ही सून त्या घरात राहिलीच होती त्या मुलासाठी. लग्नाला तीन वर्षंही झाली नसताना दोक्सू जहाजाच्या कारखान्यात अपघातात गेला. पदरी मूल नाही. तेव्हा माल्येचा थोरला भाऊ वांदो नावाच्या बेटावरून तिला न्यायला आला होता. तरणीताठी पोर, पुढे अख्खं आयुष्य पडलेलं, आणि भावाने तिकडचं एक चांगलं स्थळही बघून ठेवलेलं... पण सासूबाई उंबऱ्यावर आडव्या पडल्या. "ही गेली तर माझ्या लेकाला वर्षाचं अन्न कोण वाढेल? उपाशी येईल आणि उपाशी जाईल तो," असा त्यांनी आकांत मांडला. माल्येने बांधलेलं गाठोडं सोडलं. मग सासरे अंथरुणाला खिळले, धाकटा दीर मानसू शाळेत होता, त्याची फी, त्याचे डबे. शेतात राबायला दुसरं कोणी नव्हतं. मानसू शिकला, राजधानीत, सोलला गेला, मोठ्या कंपनीत साहेब झाला. दरवर्षी दोक्सूच्या तिथीला माल्ये पितळी भांडी घासून लख्ख करायची, आणि सगळं वाढून झालं की मागे सरकून उभी राहायची. त्यातच साठी उलटली, तिला नीटसं कळलंही नाही.

आणि आता ऐन छावणीत दोक्सूची तिथी आली.

दुपारी मानसू आला. छावणीच्या दारात बूट काढताना त्याला ते ठेवायला चिखल नसलेली जागा सापडेना. आत येऊन त्याने आईला वाकून नमस्कार केला, मग स्वयंपाकाच्या गाडीमागे भांडी विसळत बसलेल्या माल्येजवळ येऊन तो उकिडवा बसला.

"वहिनी, हात बघू."

"हाताला काय धाड भरलीय? जेवलात का तुम्ही?" माल्ये त्याला लहानपणी मानसूच म्हणायची, पण त्याचं लग्न झाल्यापासून रीतीप्रमाणे तो भाऊजी झाला होता आणि 'तू'चा 'तुम्ही' झाला होता.

"तुमचीही काळजी वाटत होती," मानसू म्हणाला. त्याने एक वाडगा विसळायला घेतला. "आईने फोन केला होता. पोसंगवाली काकूंच्या मोबाईलवरून."

"असं होय. माझ्याशी बोलायला तोंड दुखतं त्यांचं, सोलला पोचतो आवाज."

"घेऊन जा म्हणाली. कायमची." त्याने वाडगा खाली ठेवला. "मी म्हटलं, वहिनीला विचारलंस का? तर म्हणाली, तिला काय विचारायचंय, ती कोण लागते माझी... वहिनी, डोकं ठिकाणावर नसेल हो तिचं. पुराने हबकलीय ती."

माल्येच्या हातातला काथ्या थांबला. कोण लागते माझी! एवढी वर्षं अंगावर घेतली ती कुणाची होती मग? तिने दोन क्षण पातेल्यातच तोंड घातलं, आतला तळ घासायचा आहे अशा आविर्भावात.

"आणि आई आमच्याकडे येणार, तर..." मानसूला वाक्य पुरं करायला फार त्रास होत होता. "दादाचं श्राद्धही पुढल्या वर्षीपासून आमच्याकडेच केलेलं बरं, असं आपलं... तुमच्या मागची कटकटही जाईल."

त्या मुलखात श्राद्ध ज्या घरात होतं ते घर थोरलं. घर तर पाण्यात गेलंच होतं. सासूही निघाली होती. राहता राहिलं होतं ते वर्षातून एक दिवस वाढायचं ताट. तेही गेल्यावर माल्ये कुणाची कोण उरणार होती, हा प्रश्न तिला पडला आणि त्याचं उत्तर तिला अजिबात आवडलं नाही. पण ती बोलली ते एवढंच, "बरं. आजचं मात्र इथेच होऊ द्या."

मग ती कामाला लागली. दुःख झालं की हात चालवायचे, ही तिची जुनी खोड. क्रीडागृहाच्या कोपऱ्यात टेबल टेनिसचं टेबल होतं, त्याची जाळी तिने सोडून ठेवली आणि वर मदतीतली कोरी चादर अंथरली. शाळेच्या कॅन्टीनमधले स्टीलचे वाडगे मागून आणले. शहरातून आलेल्या मुख्य आचाऱ्याला तिने सांगितलं की एका छोट्या पातेल्यात गोमांस आणि मुळ्याचं सार वेगळं करायचं आहे, त्यात लसूण घालायचा नाही आणि मिरचीही नाही, कारण गेलेल्या माणसाला दोन्ही वर्ज्य.

"लसूण नाही, मिरची नाही, मग चव ती काय राहणार?" आचारी म्हणाला.

"ज्यांना जेवायचंय ते तक्रार करणार नाहीत," माल्ये म्हणाली. आचाऱ्याने मान डोलावून गॅस लहान केला.

गावप्रमुखाने कुठूनशी तांदळाच्या मद्याची छोटी बाटली आणली. छावणीत दारूला बंदी होती, आणि त्या बंदीचा कागद त्यानेच दारावर चिकटवला होता. "पण उदबत्तीचं जमणार नाही," तो म्हणाला, "आत जाळ चालत नाही. डास पळवायची ती विजेवरची वडी आहे, ती लावू का?"

"दोक्सू काय डास वाटला तुम्हाला?" पोसंगवाली म्हणाली. हसू सगळ्यांनाच आलं, अगदी माल्येलाही.

चार वाजता कुठल्याशा शेतकरी संघाकडून पीचच्या पेट्या आल्या. पिकलेली, हाताला लव लागणारी, रसाने फुटायला आलेली फळं. सगळं क्रीडागृह घमघमलं. इतके दिवस तोच तो भात खाऊन विटलेल्या म्हाताऱ्या त्यावर तुटून पडल्या. माल्येने मात्र टेबलाजवळची पेटी उचलून पार पलीकडच्या भिंतीला नेऊन ठेवली, कारण पीच श्राद्धाला चालत नाही. भुतंखेतं पीचला भितात, तसे घरचे पितरही भितात; ताटात पीच दिसलं की आलेला पाहुणा दारातूनच परत फिरतो आणि पुन्हा त्या घराची पायरी चढत नाही. तिकडच्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं.

संध्याकाळची जेवणं आटोपल्यावर, उंच खिडक्यांमधून अजून उजेड येत असताना श्राद्धाला सुरुवात झाली. फोटो नव्हता, म्हणून मानसूने पांढऱ्या कागदावर भावाचं नाव लिहून तो भिंतीला टेकवून उभा केला होता. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. ट्रॅकसूट घातलेलं गाव आपापल्या चटईवर सावरून बसलं. मानसूने पेला भरून पुढे ठेवला आणि जमिनीला कपाळ टेकून दोनदा नमस्कार केला. माल्ये नेहमीप्रमाणे मागे सरकून उभी होती. हे शेवटचं, असं ती स्वतःला बजावत होती आणि स्वतःला ते पटत नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. आधाराशिवाय त्यांना उठता येत नसे. पोसंगवालीच्या खांद्यावर भार टाकून, पाय ओढत त्या टेबलापर्यंत आल्या. ट्रॅकसूटच्या खिशात त्यांनी हात घातला आणि एक टपोरं पीच काढून त्यांनी ते थेट मुलाच्या नावाच्या कागदापुढे ठेवलं.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "गेलं, म्हातारीचं डोकं गेलं."

"आई, अगं काय करतेस?" मानसू पीच उचलायला धावला. म्हातारीने त्याच्या हातावर चापट मारली.

"दोक्सू, ऐकतोयस ना?" त्या कागदाकडे बघत म्हणाल्या. शब्द एकेक सुटा येत होता. "आई बोलतेय तुझी. आता येऊ नकोस बाळा. इथेही नको, सोललाही नको. पोट भरलं असेल तुझं, नसेल भरलं तर तसाच राहा. ही बाई तुझ्या नावाने इथे बसून राहिली. बसून कसली राहिली, मी बसवली. तिचा भाऊ न्यायला आला, मी उंबऱ्यावर पडले. विशीतली पोर होती रे... मला तेव्हा तूच दिसत होतास, ती दिसलीच नाही. आणि परवा पाणी आलं तर ती मला पाठीवर घेऊन निघाली. मी म्हणतेय मला टाक, मला टाक, आणि पाणी तिच्या छातीला लागलेलं. तेव्हा कळलं मला. तू मेलास तरी जात नाहीस आणि मी जिवंत आहे ती मरत नाही... आपण मायलेकांनी मिळून हिला खाल्लं. पुरे झालं. तू जा. मी धाकट्याकडे जाते. हिला सोडू या."

बोलता बोलता त्या टेबलाची कड धरून खाली बसल्या. मानसू दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देऊ लागला. साहेब माणूस, पण लाजण्याच्या पलीकडे गेला होता. पोसंगवाली डोळे पुसत होती. सगळं गाव माल्येकडे बघत होतं, आता ती धावेल, सासूच्या गळ्यात पडेल...

माल्ये जागची हलली नाही. तिला राग आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, स्वच्छ, भरपूर राग.

"मला विचारलं का कुणी?" ती म्हणाली.

सासूबाईंनी मान वर केली.

"तेव्हाही नाही विचारलं, आजही नाही. तेव्हा ठरवलंत की मी राहायचं, आज ठरवलंत की मी सुटायचं. माझं माणूसपण आहे की नाही काही? म्हणे ती कोण लागते माझी! मी चार दिवस रात्री तोंडावर कांबळं घेऊन रडतेय, आणि तुम्ही म्हणे मला सोडवताय."

"तसं बोलले नसते तर तू सोडलं असतंस का मला?" म्हातारी लहान मुलासारखी म्हणाली.

"नसतंच सोडलं. आणि उंबऱ्याचं काय सांगता? तुम्ही आडव्या पडलात म्हणून मी राहिले असं वाटतं तुम्हाला? एवढुशा तर होतात तुम्ही. ओलांडून गेले असते." माल्येने सासूच्या पायांकडे बोट केलं. "गाठोडं घेऊन उभी होते. भाऊ म्हणत होता चल. आणि खाली बघितलं तर तुमच्या पायात एकच चप्पल. धावत आला होतात शेतातून, एक चप्पल कुठेतरी चिखलात राहिलेली. म्हटलं, हिचा मुलगा गेला, आता मीही गेले तर ही बाई दुसरी चप्पल शोधायलासुद्धा जायची नाही. एवढंच मनात आलं माझ्या. दुसरं काही नाही."

सासूबाईंनी नकळत स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"तुमच्या मुलाचा चेहरा तर मला फोटो बघून आठवावा लागायचा," ती हलकेच म्हणाली. "फोटो गेला, आता तोही आठवत नाही. त्यांच्यासाठी कोण राहतंय एवढी वर्षं? तुमच्यासाठी राहिले मी. तुमच्यासाठी... आणि तुम्ही माझ्या हातचा भात लोटता."

मग मात्र तिचा बांध सुटला. ती खाली बसली, आणि त्या दोघी, एक साठीची आणि एक नव्वदीला टेकलेली, एकसारखे राखाडी ट्रॅकसूट घातलेल्या, टेबल टेनिसच्या टेबलाच्या पायाशी एकमेकींना धरून रडत राहिल्या. म्हातारी तिचा सुजलेला हात हातात घेऊन चोळत होती आणि "चुकलं गं, चुकलं," एवढंच म्हणत होती. गाव सभ्यपणाने दुसरीकडे बघू लागलं. काहींना जमलं नाही.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी नाक पुसलं. "मग ते पीच काढू का?"

माल्येने टेबलाकडे पाहिलं. सार निवत आलं होतं, भातावरची वाफ गेली होती. पांढऱ्या कागदावरचं नाव तसंच उभं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "तेही दमले असतील दरवर्षी येऊन येऊन."

मानसूने रडता रडता हसत तो कागद उचलला. नेहमी तो शेवटी जाळायचा असतो; जाळ चालत नव्हता, म्हणून त्याने बाहेर जाऊन तो नदीच्या दिशेने वाहणाऱ्या ओहोळात सोडला. ताटातलं अन्न रीतीप्रमाणे सगळ्यांनी मिळून खाल्लं. बिनलसणाच्या साराला चव नव्हती असं आचारीच सगळ्यांना सांगत फिरत होता.

सकाळी मानसू गाडी पुसत होता. आईच्या अंगाला हादरे बसू नयेत म्हणून मागच्या सीटवर त्याने दोन उशा आणि एक रजई घातली होती. माल्ये हातात टॉवेलचं छोटं पुडकं घेऊन त्याच्यापाशी आली.

"मानसू," ती म्हणाली, आणि तो 'भाऊजी' ऐकायची सवय झालेला माणूस चमकून वळला. "मला वांदोला सोड. पाणी आल्यापासून माझा दादा रोज फोन करतोय. डोळ्यांनी अधू झालाय, म्हणतो, तू आलीस तर आवाजाने तरी ओळखीन. चार दिवस राहून येते."

"आईला सांगितलंस, वहिनी?"

"सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं."

मानसूने पुढचं दार उघडलं. माल्येने बसण्याआधी सवयीने एकदा मागे पाहिलं. क्रीडागृहाचं मोठं दार उघडं होतं, आणि दाराशी, जिथून मैदान दिसतं अशा जागी, सासूबाई चटई ओढून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर गावप्रमुख उभा होता. पुढल्या आठवड्यात मैदानावर तात्पुरती घरं येणार होती, एका खोलीची, आणि किती माणसांसाठी किती हवीत ते तो सगळ्यांना विचारत फिरत होता.

"आजी, तुम्ही सोलला निघालात ना?" तो जरा मोठ्याने म्हणाला, कारण म्हातारीला कमी ऐकू येतं असा त्याचा समज होता. "मग घर एकट्या माल्येबाईंसाठीच सांगू?"

"कोण सोलला निघालंय?" सासूबाईंचा आवाज मैदानापर्यंत खणखणीत आला. "दोघींसाठी सांगा. माझी सून माहेरी गेलीय. ती आल्याशिवाय मी इथून हलणार नाही."